तळ्याकाठचं जुनं घर: आधी जोतं बघा, मग मिळकत पत्रिका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात मंगळवार तळ्याजवळ जुनं दुमजली घर, पांढऱ्या मातीच्या भिंती, वर कौलं, मालक चार भावंडं, खाली एक जुना भाडेकरू. वरच्या खिडकीतून तळं दिसतं म्हणून भाव चढा सांगतायत. घ्यावं का?

तळं दिसतं याचे वेगळे पैसे देऊ नका. अशा घराची किंमत जोत्यातली ओल आणि मिळकत पत्रिकेवरची (सिटी सर्व्हे कार्यालयातल्या मालकीच्या नोंदीवरची) नावं ठरवतात.

ओलीचं आधी. अजिंक्यतारा आणि यवतेश्वरच्या डोंगराचं पाणी मुरत खाली उतरतं आणि तळ्याच्या आसपास पावसाळाभर जमिनीत उभं राहतं. म्हणून घर एप्रिलात बघून इसार देऊ नये. ऑगस्टअखेर एक फेरी मारा. आवारात आड असेल तर पाणी किती खाली आहे ते मोजा. आड नसेल तर मालकाला विचारून परसात पाच फूट खड्डा घ्या आणि दुसऱ्या दिवशी त्यात पाणी चढलंय का बघा. भिंतींना खालच्या तीन-चार फुटांत लोणा, म्हणजे ओलीनं वर येणारा क्षारांचा पांढरा थर, लागलेला दिसेल. तो दिसणं एक वेळ परवडलं, पण तेवढ्याच पट्ट्यात नवाकोरा सिमेंटचा गिलावा दिसला तर सावध व्हा. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. मग ती भिंतीतच वर चढते, पांढरी माती भुसभुशीत होते आणि भिंत आतून सुटते, बाहेरून रंग मात्र चकचकीत. तो गिलावा खरवडून चुन्याचा करावा लागेल, हा खर्च भावात धरा.

दुसरी गोष्ट लोक बघतच नाहीत. पेठेतल्या गल्ल्यांवर वर्षानुवर्षं डांबरावर डांबर चढलंय. जोत्याचे दगड किती उघडे राहिलेत ते मोजा. उंबरठा रस्त्यापेक्षा निदान दीड फूट वर हवा. रस्त्याच्या बरोबरीला आला असेल तर वळवाची एक जोरदार सर आली की गल्लीतलं पाणी ओसरीत.

खांब दगडी तळखड्यावर टेकतो तिथलं खालचं वीतभर लाकूड पोकरने, म्हणजे टोकदार सळईने, टोचा. पोकर सहज आत गेला तर वाळवी. तुळयांची भिंतीत गेलेली टोकंही अशीच तपासा, कारण कौलं गळतात ती बहुधा तिथंच. जमीन ठोकून पोकळ आवाज आला तर खाली पेव, म्हणजे धान्य साठवायचा जुना खड्डा, असू शकतं. पुढं घर पाडून बांधायचं असेल तर इंजिनिअरला हे आधीच सांगा, नाहीतर कॉलमचा खड्डा नेमका पेवात उतरतो. आणि साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, सागवानी खांब, तुळया, दारं, चौकटी यांचा नावानिशी उल्लेख करा. ताबा मिळेपर्यंत जुना सागवान परस्पर विकला जाणं नवीन नाही.

आता कागद. घरपट्टीचा उतारा म्हणजे मालकी नव्हे. सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढा. क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं, 10.764 ने गुणलं की चौरस फूट. जागेवरचं माप पत्रिकेपेक्षा जास्त भरलं तर आनंदू नका, तो बहुधा शेजारचा बोळ असतो. बोळ सामाईक आहे का, पन्हळीचं पाणी कुणाकडे पडतं, मधली भिंत कुणाची, हे सगळं सरकारी मोजणी करून पक्कं करा.

पत्रिकेवर अजून वडिलांचंच नाव असेल तर आधी वारस नोंद. चार भावंडं म्हणजे चार सह्या, हे गृहीत धरू नका. लग्न झालेल्या बहिणी, वारलेल्या भावाची बायको आणि सगळी मुलं, सगळे आले. ज्याला हिस्सा नको त्याचं हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं, साध्या स्टॅम्पपेपरवरची संमती कामाची नाही. कुणी परदेशात असेल तर मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आणायचं आणि इथं पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा. मिळकतीच्या जुन्या व्यवहारांचा शोध अहवाल वकिलाकडून तीस वर्षांचा घ्या, स्थानिक पेपरात जाहीर नोटीस द्या.

भाडेकरूला 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे. घर विकलं तरी तो जात नाही, तुमचा भाडेकरू होतो. ‘नंतर काढून देऊ’ यावर एक पैसाही देऊ नका. रिकामा ताबा, मगच खरेदीखत.

फ्लॅटचा पर्याय मनात असेल तर: वाडे पाडून उठलेल्या छोट्या इमारती 500 चौरस मीटरच्या आतल्या जागेवर किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या असल्या की महारेरा नोंदणीची सक्ती नसते. तिथं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला दिलेली परवानगी, स्वतः नगरपालिकेत जाऊन तपासा.

पाण्याचं शेजाऱ्यांना विचारा, मालकाला नको. मे महिन्यात किती वेळ आणि किती दाबानं येतं, एवढाच प्रश्न. जमिनीतली टाकी विटांची असेल आणि जुना शौचखड्डा त्याच बोळात असेल तर पावसाळ्यात भेगांतून घाण आत येते. अशी टाकी दुरुस्त करत बसू नका, बंद करून वर प्लॅस्टिकची ठेवा.

नोंदणी फी एक टक्का, कमाल 30,000 रुपये. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला द्यावा लागतो. सूची दोन (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा, इंडेक्स टू) हातात आली म्हणून काम संपलं समजू नका. सिटी सर्व्हेत फेरफार होऊन पत्रिकेवर तुमचं नाव लागलंय का, हे जाऊन बघा.