क्रिप्टोने क्रिकेट-फुटबॉलवर बेटिंग केलं तर ओळख खरंच लपून राहते का?

नाही हो, हे डोक्यातून काढूनच टाका. अकाउंट नुसत्या ईमेलवर उघडतं, पैसे भरताना कोणी काही विचारत नाही, पण जिंकून रक्कम काढायला गेलात की बऱ्याच साइटवर ती पेंडिंग दाखवतात आणि मग पासपोर्ट द्या, सेल्फी द्या, पत्त्याचा पुरावा द्या, नाही दिलं तर पैसे अडकलेच, आणि लायसन कुराकाओचं, म्हणजे कॅरिबियनमधल्या एका बेटाचं असेल तर पणजीत बसून दाद कुणाकडे मागणार? शिवाय बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार ब्लॉकचेनवर, म्हणजे कुणालाही बघता येणाऱ्या नोंदवहीत, कायम उघडा असतो, कॉइन तुम्ही घेतले भारतातल्या एक्स्चेंजवर पॅन देऊन, आणि ही एक्स्चेंज मार्च 2023 पासून मनी लाँड्रिंगच्या कायद्याखाली आलीत, म्हणजे तिथून कुठल्या वॉलेटला पाठवले ते तुमच्या नावावर नोंदलेलंच आहे.

मांडवी नदीतल्या कॅसिनोंना परवाना आहे मग हेही चालत असेल, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. साफ चूक. 2025 चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालतो, गोवा त्यात आलाच.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आधार-पॅनच्या फोटोंची, अशा साइटला ते अजिबात पाठवू नका, रक्कम अडकली असली तरी.