ए-स्कोप वाचायला शिकताना

आपल्या सांगलीच्या हौशी रेडिओ मंडळातील जुन्या ऑसिलोस्कोपवर तुम्ही सराव सुरू केला आहे, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातील रडारचा ए-स्कोप समजून घेणे तुम्हाला जड जाणार नाही. त्याच्या पडद्यावर नकाशा नसतो. रेडिओ-स्पंद सुटताच एक उजळ रेघ डावीकडून उजवीकडे धावू लागते आणि प्रतिध्वनी परतला की तिच्यावर टोक उमटते. टोक जितके उजवीकडे, तितके लक्ष्य दूर. लहर जाऊन परत येते, म्हणून एका मायक्रोसेकंदाला १५० मीटर धरावेत, ३०० नव्हे. नवशिक्यांची चूक हटकून इथेच होते. १०० मायक्रोसेकंदांवरचे टोक म्हणजे १५ किलोमीटर.

टोकाच्या उंचीबाबत मात्र घाई करू नका. ती परतलेल्या सिग्नलची ताकद दाखवते, आणि अंतर दुप्पट झाले की, बाकी सारे तसेच असले तरी, ती शक्ती सोळाव्या हिश्शावर येते. त्यामुळे बुटके टोक म्हणजे लहान विमान, असे मानू नये. रेघेच्या तळाशी थरथरणाऱ्या गोंगाटाला रडार-चालक ‘गवत’ म्हणत. गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा ते प्रमाण, वाढवला की टोकाबरोबर गवतही वाढते, म्हणून गवत जेमतेम दिसेल इतकाच गेन ठेवून स्थिर टोक शोधावे. १९४० साली ब्रिटनच्या ‘चेन होम’ या रडार-साखळीच्या केंद्रांतील मुरलेले चालक टोकाच्या थरथरीवरून विमानांच्या संख्येचाही अंदाज बांधत.