गुन्ह्याच्या बातमीतील स्त्री: हा अभ्यासविषय आहे का आणि त्यावर निर्वाह होईल का?

एका आईच्या पत्राचा आशय असा: मुलगी मानसशास्त्र घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गुन्हेगारीवरील माहितीपट आणि पॉडकास्ट यांची तिला अनेक वर्षांपासून आवड आहे. प्रसारमाध्यमे गुन्हे कसे दाखवतात आणि त्यात स्त्री-पुरुषांचे चित्रण कसे होते, यावर संशोधन करून प्राध्यापक व्हायचे, असे तिने आता ठरवले आहे. आईने तीन शंका विचारल्या आहेत. हा खरोखर अभ्यासाचा विषय आहे की छंदाला दिलेले भारदस्त नाव? यावर निर्वाह होईल का? आणि रोज तेच वाचून-पाहून मुलीच्या मनावर परिणाम होणार नाही का? त्यापेक्षा तिने कायदा किंवा पत्रकारिता निवडावी, असे त्यांना वाटते.

सप्रेम नमस्कार,

‘रात्री-अपरात्री खुनाच्या कथा ऐकणे याला अभ्यास कसे म्हणायचे?’ असे तुम्ही लिहिले आहे. त्याला अभ्यास म्हणता येणार नाही, हे मी आधीच मान्य करतो. परंतु तुमची मुलगी ज्या विषयाचे नाव घेते आहे, तो मात्र अस्सल आहे आणि बऱ्यापैकी जुनाही आहे. १९६४ च्या ईस्टरच्या सुट्टीत इंग्लंडमधील क्लॅक्टन या किनाऱ्यावरच्या गावी तरुणांनी घातलेल्या गोंधळाला वृत्तपत्रांनी राष्ट्रीय संकटाचे रूप कसे दिले, याची मांडणी समाजशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांनी १९७२ मध्ये केली. पुढे १९७६ मध्ये कॅरल स्मार्ट यांनी गुन्हेगारीशास्त्राने स्त्रियांकडे एकतर दुर्लक्ष केले किंवा त्यांना ठरावीक साच्यात कोंबले, हे दाखवून दिले. हे दोन प्रवाह एकत्र आल्यावर जे क्षेत्र तयार झाले, त्यात आज विद्यापीठीय अभ्यासक्रम आहेत, परिषदा होतात आणि ‘क्राइम, मीडिया, कल्चर’ यासारखे खास या विषयाला वाहिलेले संशोधन-नियतकालिक २००५ पासून प्रसिद्ध होत आहे. विषयाच्या अस्तित्वाबद्दलची शंका तुम्ही मनातून काढून टाकावी.

शंका घ्यायचीच असेल, तर मुलीच्या आवडीचा रोख नेमका कशाकडे आहे, याविषयी घ्यावी. १८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात झालेल्या खुनांचे उदाहरण पाहा. तो खुनी कोण असावा, यावर सव्वाशेहून अधिक वर्षे तर्क लढवले जात आहेत आणि रसिकांना संशयितांची यादी तोंडपाठ असते. ज्या पाच स्त्रिया त्यात मारल्या गेल्या, त्यांच्याविषयी मात्र ‘त्या वेश्या होत्या’ एवढे एकच वाक्य एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत राहिले. इतिहासकार हॅली रुबेनहोल्ड यांनी २०१९ मध्ये या पाच जणींची चरित्रे प्रसिद्ध केली आणि त्यांपैकी तिघींच्या बाबतीत या वाक्याला पुरावाच नाही, अशी मांडणी केली. ‘खुनी कोण’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘हे वाक्य आले कुठून आणि ते इतकी वर्षे कोणालाच का खटकले नाही’ असे विचारणे, ही या क्षेत्राची सुरुवात आहे. तुमच्या मुलीला यांतला कोणता प्रश्न जास्त छळतो, हे तिला विचारून पाहा. (पहिला छळत असेल, तर त्यातही काही वावगे नाही, पण मग न्यायवैद्यक शास्त्र किंवा गुन्हे तपास ही तिची वाट आहे.)

प्रत्यक्ष काम कसे असते, याची कल्पना यावी म्हणून एक नमुना देतो. समजा, बातमीचे पहिले वाक्य असे आहे: ‘रात्री साडेअकराच्या सुमारास मित्रासोबत चित्रपट पाहून परतणाऱ्या तेवीस वर्षीय तरुणीवर अज्ञाताकडून हल्ला.’ वेळ, सोबत, कारण आणि वय हे चारही तपशील तरुणीचे आहेत. हल्ला करणाऱ्याच्या वाट्याला केवळ ‘अज्ञाताकडून’ एवढेच आले आहे. संशोधक ही नोंद आधी ठरवलेल्या तक्त्यात करतो: पीडितेच्या वर्तनाचा उल्लेख आहे का, आरोपीचे वर्णन आहे का, दोघांची ओळख होती का, माहिती कोणाच्या तोंडची आहे, पूर्वीच्या अशा घटनांचा संदर्भ दिला आहे का. हीच नोंद शेकडो बातम्यांसाठी होते, त्यांतला काही भाग दुसरी व्यक्ती स्वतंत्रपणे तपासते आणि दोघांच्या नोंदी कितपत जुळतात, याचे गणित मांडले जाते. क्रिपेनडॉर्फ अल्फा या प्रचलित निर्देशांकात साधारण ०.८० च्या वर आकडा आला, तरच त्या नोंदी भरवशाच्या मानल्या जातात. तो न आल्यास प्रश्नांची व्याख्या बदलून काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

एवढ्या खटाटोपाची गरज का पडते, हे एका आकडेवारीवरून स्पष्ट होईल. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे ८५,००० स्त्रिया व मुलींची हत्या झाली आणि त्यांपैकी सुमारे ५१,१०० जणींचा, म्हणजे ६० टक्के जणींचा, जीव जोडीदाराने किंवा कुटुंबातील व्यक्तीने घेतला. बातमीदारीचा ओढा मात्र अंधाऱ्या रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे असतो. नॉर्वेचे गुन्हेगारीशास्त्रज्ञ निल्स क्रिस्टी यांनी १९८६ मध्ये ‘आदर्श पीडित’ ही संकल्पना मांडली. जी व्यक्ती दुबळी आहे, सभ्य कामासाठी बाहेर पडली होती, नको त्या ठिकाणी नव्हती आणि जिच्यावर धिप्पाड, दुष्ट, अपरिचित माणसाने हल्ला केला, तिलाच समाज निःशंकपणे पीडित मानतो. नवऱ्याने मारलेली बाई या चौकटीत बसत नाही. आरोपी स्त्री असेल, तर तिला वेडी, कपटी किंवा बिचारी यांपैकी एका खणात टाकले जाते. स्त्री आरोपीच्या मातृत्वाइतकी चर्चा पुरुष आरोपीच्या पितृत्वाची होत नाही, हे तुम्हीही वाचले असेल. या सगळ्याविषयी नुसती चीड येणे सोपे आहे, पण विद्यापीठात ते सिद्ध करून दाखवावे लागते. शिवाय कधी कधी पुरावा आपल्या अपेक्षेच्या उलट निघतो आणि तेही तितक्याच प्रामाणिकपणे लिहावे लागते.

म्हणून कोणत्याही प्रवेशअर्जाआधी मुलीने एक महिना एवढेच करावे. एखादे दैनिक निवडावे, त्यातील हिंसक गुन्ह्यांची प्रत्येक बातमी जमवावी, आठ-दहा प्रश्नांचा तक्ता आखावा आणि मैत्रिणीकडून काही बातम्यांची वेगळी नोंद करून घेऊन ती आपल्या नोंदीशी ताडून पाहावी. गाजलेल्या प्रकरणांपेक्षा आतल्या पानावरच्या चार ओळींच्या बातम्यांना तिने अधिक वेळ द्यावा. दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येईलच. त्यानंतरही तक्त्यात नवे प्रश्न वाढवण्याची इच्छा झाली, तर ती या कामाची आहे असे मी खात्रीने म्हणेन. उत्साह फक्त सनसनाटी प्रकरणांपुरता टिकला, तर छंद छंदच राहू द्यावा.

शिक्षणाच्या वाटेबद्दल माझे मत थोडे जुन्या वळणाचे आहे. पदव्युत्तर शिक्षण समाजशास्त्र, गुन्हेगारीशास्त्र, माध्यमविद्या किंवा भाषाविज्ञान अशा एखाद्या प्रस्थापित विषयात घ्यावे आणि ही विशेष आवड प्रबंधासाठी राखून ठेवावी. प्राध्यापकांच्या नेमणुका विभाग करतात आणि विभागाला प्रथम वर्षाचे मूलभूत विषय शिकवणारा माणूस हवा असतो. नेमक्या आपल्या प्रबंधाच्या विषयाची जाहिरात क्वचितच निघते. मानसशास्त्रामुळे तिला संख्याशास्त्राची थोडी ओळख असेल, ती तिने वाढवावी. आर किंवा पायथन यांसारखी संगणकीय भाषा शिकून मोठ्या मजकूरसंग्रहाचे विश्लेषण करता येणे, ही आज या क्षेत्रातील मोठी जमेची बाजू आहे. इंग्रजी बातम्यांवर भरपूर काम झाले आहे, तेव्हा मातृभाषेतील बातम्या बारकाईने वाचता येणे हे तिने उणे समजू नये.

आता अर्थार्जनाचे. कायम स्वरूपाच्या अध्यापनाच्या जागा जगभरातच थोड्या आहेत आणि पीएचडी झालेले उमेदवार त्या मानाने पुष्कळ. युरोपात तीन-चार, अमेरिकेत पाच-सहा वर्षे पीएचडीत जातात आणि त्यानंतरही काही काळ तात्पुरत्या नेमणुकांवर काढावा लागतो. यावर माझा एकच आग्रह आहे: शिष्यवृत्ती किंवा पाठ्यवेतन नसेल, तर कर्ज काढून पीएचडी करू नये. विद्यापीठाबाहेर स्त्रियांवरील हिंसाचारावर काम करणाऱ्या संस्था, वृत्तसंस्थांतील प्रशिक्षण, समाजमाध्यम कंपन्यांचे मजकूर-धोरण विभाग आणि सार्वजनिक धोरणविषयक संशोधन या ठिकाणी ही कौशल्ये चालतात. कायदा किंवा पत्रकारिता यांना माझा विरोध नाही. किंबहुना वर्ष-दोन वर्षे वृत्तकक्षात काम केल्यास, रात्री दहा वाजता पोलिसांच्या निवेदनावरून घाईघाईत बातमी कशी तयार होते, हे तिला कळेल आणि तिची टीका अधिक न्याय्य होईल.

तुमची तिसरी शंका मला सर्वांत रास्त वाटते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ मधील डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत आघाताच्या निकषांची व्याख्या करताना दूरदर्शन किंवा छायाचित्रांतून पाहिलेली दृश्ये वगळली आहेत. मात्र ते पाहणे कामाचा भाग असेल, तर ही सवलत लागू होत नाही. म्हणजे करमणूक म्हणून पाहणे आणि पुनःपुन्हा, मन लावून, नोंदी करत पाहणे यांतला फरक तिथेही मान्य झालेला आहे. अनुभवी संशोधक अशी सामग्री दिवसाच्या ठरावीक वेळीच हाताळतात, शक्य तिथे चित्राऐवजी मजकुरावर काम करतात आणि झोपण्यापूर्वी ती उघडत नाहीत. तुमच्या मुलीची रात्री पॉडकास्ट ऐकण्याची सवय मला खटकते, ती एवढ्यासाठीच. लिंगभावाविषयी जाहीरपणे लिहिणाऱ्या स्त्रियांना इंटरनेटवर शिवीगाळ सोसावी लागते, हेही तिने गृहीत धरावे.

त्यामुळे मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांच्या संख्येबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी. त्यांच्या हाताखाली सध्या काम करणाऱ्या दोन-तीन विद्यार्थ्यांना तिने स्वतंत्रपणे लिहावे आणि विचारावे की, सामग्री असह्य झाली तेव्हा त्यांनी कोणाला सांगितले, आणि ते सांगितल्यावर कामाचे वेळापत्रक बदलले का. उत्तर टाळले गेले, तर विद्यापीठ कितीही नावाजलेले असले, तरी तिथे अर्ज करू नये.