ऐकू आलं नाही, तर तसं लिही

प्रिय मैत्रिणी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. डिसेंबर १९७१ मधलं ओव्हल ऑफिसातलं, म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कचेरीतलं, फितीवरचं संभाषण, त्यातला एक शब्द, आणि तुझ्या हाती ते ऐकून उतरवलेली तीन शब्दांकनं. एकात एक शब्द, दुसऱ्यात दुसरा, आणि मशीनने काढून दिलेल्या तिसऱ्यात भलताच. तुझे मार्गदर्शक म्हणतात, कुठला तरी एक धर आणि पुढे चल, प्रबंधाचं प्रकरण महिनाअखेर द्यायचंय. तू विचारतेस, ‘बाई, कुठला धरू?’

कुठलाच धरू नकोस. ऐकू आलं नाही, तर ऐकू आलं नाही असं लिही. कंसात ‘अस्पष्ट’ लिही आणि पुढे जा. या पत्रात मी हे पुन्हा म्हणणार आहे, कंटाळलीस तरी वाच.

मशीनच्या शब्दांकनाबद्दल तू लिहिलंस की ते ‘सर्वांत स्वच्छ’ आहे, त्यात एकही जागा रिकामी नाही. अगं, मला तर तिथेच शंका आली असती. निक्सनच्या फिती कशा तयार झाल्या हे तुला माहीत आहे, तरी एकदा डोळ्यांसमोर आण. फेब्रुवारी १९७१ मध्ये सीक्रेट सर्व्हिसने, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा दलाने, ओव्हल ऑफिसात ध्वनिमुद्रणाची यंत्रणा बसवली. पाच मायक्रोफोन टेबलात, दोन शेकोटीपाशी. टेबलावर कप ठेवला, कागद सरकवला की तो आवाज थेट मायक्रोफोनच्या कानाशी. यंत्रं तळघरात, आवाज झाला की आपोआप चालू होणारी, म्हणजे पहिलं अक्षर कधीकधी गिळलेलंच. फीत केसासारखी पातळ, आणि ती फिरायची सेकंदाला एका इंचापेक्षाही कमी, एका रिळात जास्तीत जास्त तास मावावेत म्हणून. जुलै १९७३ पर्यंत अशी सुमारे ३,७०० तासांची ध्वनिमुद्रणं झाली. माणसं खोलीभर फिरत, एकमेकांचं बोलणं तोडत, पुटपुटत बोलतात. अशा फितीतून एकही रिकामी जागा न ठेवता शब्दांकन निघत असेल, तर त्या रिकाम्या जागा कुणीतरी भरल्या आहेत. मशीनने भरल्या काय नि माणसाने भरल्या काय.

मीही भरली होती. हे तुला मी वर्गात कधी सांगितलं नाही, आज सांगते.

२००१ च्या हिवाळ्यात मी वॉशिंग्टनला गेले. १९७१ च्या उत्तरार्धातल्या फिती आदल्या वर्षीच खुल्या झाल्या होत्या. राष्ट्रीय अभिलेखागाराची मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कची इमारत. सकाळी शहरातून सुटणारी त्यांची बस धरायची, कोट आणि पिशवी लॉकरमध्ये टाकायची, आत न्यायची ती फक्त पेन्सिल आणि मोजके कागद. फिती तेव्हा कॅसेटवर ऐकायच्या. हेडफोन लावायचा, कॅसेट पुढे न्यायची, मागे आणायची, पुन्हा पुढे. चौदा दिवस माझ्याजवळ होते आणि पैसे त्याहून कमी. एका संभाषणात एक वाक्य होतं, माझ्या सगळ्या निबंधाचा कणा ठरेल असं. त्यातल्या एका जागी बोलणाऱ्याने इंग्रजीतलं ‘शकतो’ म्हटलंय की ‘शकत नाही’, एवढाच प्रश्न होता. मी ‘शकतो’ ऐकलं. पेन्सिलीने लिहिलं, बाजूला प्रश्नचिन्ह काढलं.

तुला माहीत आहे आपल्याला शाळेत कसं शिकवलं. ‘कान्ट’. लांब आ, आणि टोकाला ठसठशीत ट. अमेरिकन माणूस ‘कॅन्ट’ म्हणतो, आणि तो ट घशातच राहतो. उरतो तो ‘कॅन’सारखाच आवाज, जरा आखूड, जरा तुटलेला. माझा कान त्या लांब ‘आ’ची वाट पाहत बसला. तो आला नाही, म्हणून नकार नाही असं मी ठरवलं. माझ्या शाळेच्या बाईंचा उच्चार मी वॉशिंग्टनच्या तोंडी शोधत होते.

परत आल्यावर लेख पाठवला. संपादकांचं पत्र आलं: प्रश्नचिन्हं काढा, अवतरणात शंका शोभत नाही. मी काढलं. मला कुणी धमकावलं नव्हतं. मीच काढलं. काही वर्षांनी त्याच फितीची डिजिटल प्रत घरी बसून चांगल्या हेडफोनवर ऐकली. अकराव्या वेळी तो तुटलेला ट ऐकू आला. ‘शकत नाही’. ते वाक्य मी इथे लिहीत नाही. चुकीचं वाक्य दुरुस्तीसाठी म्हणून लिहिलं तरी लोक तेच उचलतात, हे मी भोगलं आहे. माझी दुरुस्ती छापून यायला सहा वर्षं लागली, तोवर ते अवतरण दुसऱ्या लेखांत गेलं होतं, तिथून तिसऱ्यांत. आजही मधूनच कुठेतरी भेटतं, माझ्या नावासकट.

तू म्हणशील, चौदा दिवसांत बाईंनी आणखी काय करायचं होतं? खरंय. मी स्वतःला हेच सांगत आले. पैसे नव्हते, वेळ नव्हता, यंत्र जुनं होतं, खोली बंद व्हायची वेळ झाली की टेबलाशी येऊन सांगत. यातलं काहीही खोटं नाही, आणि ज्याने चौदा दिवसांत परदेशी अभिलेखागार गाठून काम केलंय त्यालाच ते कळेल. म्हणून शब्द चुकला याचं मला आता वाईट वाटत नाही, तो कुणाचाही चुकला असता. पण प्रश्नचिन्ह माझ्या हातात होतं. ते ठेवायला वेळही लागत नव्हता, पैसेही लागत नव्हते. ते ठेवलं असतं तर पुढच्या माणसाने फीत पुन्हा ऐकली असती. मी त्याचं दार बंद केलं.

म्हणून सांगते, ऐकू आलं नाही तर तसं लिही.

तुझे मार्गदर्शक म्हणतात, परीक्षकांना ‘अस्पष्ट’ आवडत नाही, तयारी कमी वाटते. या सबंध संग्रहातली सगळ्यांत प्रसिद्ध जागा कुठली आहे गं? २० जून १९७२, वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कचेरीत झालेल्या चोरीनंतर तिसरा दिवस, निक्सन आणि त्यांचे मुख्य सहायक हॉल्डमन बोलताहेत, आणि साडेअठरा मिनिटं नुसती घरघर. न्यायालयाच्या सांगण्यावरून सहा तज्ज्ञांनी ती फीत तपासली आणि १९७४ च्या जानेवारीत सांगितलं की किमान पाच वेळा वेगवेगळं पुसलेलं दिसतं, बोलणं परत मिळवता येत नाही. २००१ मध्ये अभिलेखागाराने पुन्हा प्रयत्न सुरू केला, चाचण्या केल्या, २००३ मध्ये जाहीर केलं की जमलं नाही. मग हॉल्डमनच्या त्या दिवसाच्या हस्तलिखित टिपणांवर आधुनिक तपासण्या केल्या, तिथेही काही निघालं नाही. आणि ती फीत? जपून ठेवली आहे. तीस वर्षं इतक्या हुशार माणसांनी डोकं लावलं, आणि एकानेही ‘बहुधा असं म्हणाले असावेत’ म्हणून त्या साडेअठरा मिनिटांत एक वाक्य घातलं नाही. याला तयारी कमी म्हणायचं का? विचार त्यांना.

कागदांचंही तेच आहे. तू यॉर्बा लिंडाला, निक्सनच्या ग्रंथालयात, जाशील तेव्हा बघशील. करडं खोकं, त्यात फोल्डर, एका वेळी एकच फोल्डर बाहेर काढायचा, त्याच्या जागी खूण म्हणून पुठ्ठा ठेवायचा. फोल्डर उघडलास की पुष्कळदा पहिलं पान असतं ते काढून घेतलेल्या कागदांच्या यादीचं. कुणी कुणाला लिहिलं, तारीख काय, किती पानं, कुठल्या कारणासाठी काढलं. कागद तुला दिसत नाही, पण तो तिथे होता हे दिसतं. फितींच्या सूचीतही तसंच: अमुक सेकंद वगळले, कारण खाजगी बाब किंवा राष्ट्रीय सुरक्षा. मला ती पानं पहिल्यांदा पाहिली तेव्हा राग आला होता. आता वाटतं, आपल्या धंद्यातलं सगळ्यांत प्रामाणिक लेखन तेच. काय नाही, ते नेमकं सांगणारं.

आता तुझ्या मनात येईल ते मीच बोलते. ‘अस्पष्ट’ हाही खोटेपणा असू शकतो. असतोच. एप्रिल १९७४ च्या अखेरीस व्हाइट हाउसने स्वतःची शब्दांकनं छापली, बाराशेहून अधिक पानांची. पानोपानी ‘ऐकू येत नाही’, पानोपानी ‘अपशब्द वगळला’. पुढे संसदेच्या न्यायविषयक समितीने त्याच फिती चांगल्या यंत्रांवर ऐकून आपली शब्दांकनं काढली, तर जिथे ‘ऐकू येत नाही’ होतं तिथल्या कितीतरी जागी स्वच्छ शब्द निघाले. २२ मार्च १९७३ च्या संभाषणात निक्सन आपल्या माणसांना सांगतात की सगळ्यांनी भिंतीसारखं उभं राहा, काही सांगू नका. तो भाग व्हाइट हाउसच्या प्रतीत नव्हताच. तेव्हा ‘अस्पष्ट’ हा आळशाचा किंवा लबाडाचा आडोसा होऊ देऊ नकोस. दहा वेळा ऐक. वेगवेगळ्या दिवशी ऐक, सकाळी ऐक, कारण दुपारनंतर कान थकतो आणि मन भरायला लागतं. वेगवेगळ्या हेडफोनवर ऐक. शब्दांकन समोर ठेवून ऐकू नकोस, ते आधी वाचलंस की तुला तेच ऐकू येईल. एवढं करूनही शब्द आला नाही, तर ‘अस्पष्ट’ लिहायचा हक्क तू कमावलास. मग कुणाच्या बापाला भिऊ नकोस.

आणि तळटीप लिही. कुठली प्रत ऐकली, संभाषणाचा क्रमांक, कितव्या मिनिटाला, किती वेळा, इतर तिघांनी काय वाचलंय. अर्ध्या पानाची झाली तरी चालेल. मला ती टीप तुझ्या प्रकरणापेक्षा जास्त आवडेल.

ही गंमतीची गोष्ट नाही, पण सांगावीशी वाटते. २८ एप्रिल १९७१ चं निक्सनचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांचं टिपण तू पाहिलं आहेस, पाकिस्तानबाबतचे पर्याय मांडणारं. ढाक्यात माणसं मारली जात होती, तिथल्या वीस अमेरिकन अधिकाऱ्यांनी तीन आठवड्यांपूर्वीच तारेने आपला विरोध कळवला होता. त्या टिपणाखाली निक्सनने स्वतःच्या हाताने लिहिलंय: सर्वांना, याह्याला (पाकिस्तानच्या अध्यक्षांना) आत्ता दाबू नका. त्यातल्या नकाराखाली तीन रेघा आहेत. तीन. छापील मजकुरात त्या रेघा कळत नाहीत, तू प्रतिमा उघडून बघ. हात दाबून ओढलेल्या. लिहिताना त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं की नकार निसटू शकतो, आणि तो निसटू नये. बोलताना तोच नकार घशात राहतो. दोन्ही एकाच सत्तेची कागदपत्रं, एकाच वर्षातली. मी त्या रेघा पाहिल्या होत्या, तरीही माझ्या वाक्यातला नकार मी हरवला.

तुझं वाक्य त्याच वर्षीच्या बांगलादेश युद्धाचं आहे. म्हणून मला इतका राग येतो, तुझा नाही, ‘कुठला तरी एक धर’ याचा. जून २००५ मध्ये नोव्हेंबर १९७१ चं निक्सन-किसिंजरचं ते इंदिरा गांधींना शिवी देणारं संभाषण जगभर छापून आलं, तेव्हा मला फोन येत होते, शिवीचं मराठी काय करायचं म्हणून. शिवी स्वच्छ ऐकू येते, ती सगळ्यांच्या लक्षात राहते. त्याच कॅसेटींवर पुटपुटलेल्या जागा आहेत, जिथे लाखो माणसांच्या जगण्यामरण्याचं काहीतरी बोललं जातंय आणि नीट लागत नाही. तिथे आपण मनाने शब्द घातला, तर त्या माणसांच्या बाबतीत खोटी साक्ष दिल्यासारखं आहे. मला यापेक्षा सौम्य शब्द सुचत नाही.

या फिती तुझ्यापर्यंत आल्याच नसत्या, हेही ध्यानात ठेव. सप्टेंबर १९७४ मध्ये राजीनाम्यानंतर निक्सनशी जो करार झाला होता, त्यात या फिती त्यांच्या मृत्यूनंतर किंवा १ सप्टेंबर १९८४ ला, जे आधी येईल तेव्हा, नष्ट करायच्या होत्या. डिसेंबरमध्ये संसदेने कायदा करून त्या ताब्यात घेतल्या म्हणून वाचल्या. पुढे त्या खुल्या व्हाव्यात म्हणून इतिहासकार स्टॅन्ली कटलर यांना १९९२ मध्ये न्यायालयात जावं लागलं. इतक्या हातांनी वाचवलेल्या वस्तूत आपण महिनाअखेरीसाठी एक शब्द कोंबायचा?

मुदतीचं म्हणशील तर मार्गदर्शकांशी मी बोलू का? नको असेल तर नाही बोलणार. पण तू स्वतः बोल, आणि उभी राहून बोल. प्रकरण दोन आठवडे उशिरा गेलं तर काही बिघडत नाही. माझी दुरुस्ती सहा वर्षं उशिरा आली.

आता एक काम. तुझ्या पत्रात तू तिन्ही शब्द लिहिले होतेस. मी ती ओळ हाताने झाकून पुढचं वाचलं, अजून पाहिलेली नाही. काल सकाळी तीच फीत लावली, चौदा वेळा ऐकली, आणि मला जे ऐकू आलं किंवा आलं नाही, ते कागदावर लिहून पाकिटात बंद करून ठेवलंय. तू रविवारी सकाळी ऐक, शब्दांकनं कपाटात ठेवून. तुझं लिहून मला पाठव. मग मी पाकीट उघडेन. त्याआधी फोन करून विचारू नकोस, मी सांगणार नाही.

तुझी,
बाई