मुहूर्तापासून मागे मोजत ये

तुझा मेसेज वाचला. लोकांत राहायला आवडतं, डेकोरेशनचं वेड आहे, म्हणून वेडिंग कोऑर्डिनेटर व्हायचंय, सुरुवात कुठून करू असं विचारलंयस. एक आधीच सांगते, डेकोरेशन हे डेकोरेटरचं काम. आपलं काम म्हणजे तो डेकोरेटर सकाळी सातला स्टेजवरून उतरलेला असणं, त्याची शिडी मुलाकडच्या खोलीच्या दारात पडलेली नसणं आणि त्याच्या पोराने चहा प्यायलाय की नाही ते बघणं, कारण तो उपाशी असेल तर फुलं नीट लावत नाही. इंस्टावर यातलं काहीच दिसत नाही ना?

मी पुण्यात गेली अठरा वर्षं हे करतेय, मोठी पॅलेसवाली लग्नं नाही, आपली कार्यालयातली, तीनशे ते सहाशे पानांची, त्यामुळे जे सांगतेय ते त्यातलंच आहे, उदयपूरबिदयपूरचं दुसऱ्या कुणाला तरी विचार.

पहिल्यांदा घरी गेलीस की लोक तुला थीम सांगतील, कलर पॅलेट सांगतील, पिंटरेस्ट दाखवतील. सगळं बघ, मान हलव, आणि मग विचार की मुहूर्त किती वाजताचा आहे. समज १२:३७. तिथून मागे मोजत यायचं. अंतरपाट १२:३७ ला दूर व्हायला हवा तर मंगलाष्टका १२:२२ ला सुरू, म्हणजे नवरदेव बोहल्यावर १२:१५ ला, मुलगी तोवर गौरीहरापाशी बसलेली, तिला आणणारा मामा दाराशी उभा (पार्किंगमध्ये नाही, पाहुण्यांना रस्ता सांगायला सिंहगड रोडवर तर अजिबातच नाही), म्हणजे मुलगी साडी नेसून साडेअकराला तयार. पार्लरवाली दीड तास म्हणाली की आपण अडीच धरायचे. आणि भटजींना महिनाभर आधीच विचारून घे की कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी मुहूर्ताच्या आधी उरकणार की नंतर, कारण काही जण सकाळीच करून घेतात, काही नंतर, आणि अष्टपुत्री कधी नेसायची नि शालू कधी हे सगळं त्यावर ठरतं. हे न विचारता मेकअपची वेळ ठरवलीस तर मुलगी होमासमोर हेअरस्प्रे मारून बसेल. हसू नकोस, झालंय असं.

मंगलाष्टकांचं जरा सविस्तर सांगते कारण मी त्यात सणसणीत आपटलेय. माझ्या दुसऱ्या का तिसऱ्या लग्नात मुलीच्या मावशीने स्वतः रचलेली मंगलाष्टका आणली होती, सात कडवी, प्रत्येकात घरच्यांची नावं गुंफलेली, पणजोबांपासून. सावकाश चालीत म्हटलं तर एका कडव्याला साधारण एक मिनिट लागतं. मावशीनंतर मुलाकडची आत्या उभी राहिली, तिची चार. मग कुणीतरी म्हणालं मामीपण म्हणते ना, तिचा आवाज छान आहे. भटजी घड्याळाकडे बघतायत, मी भटजींकडे, आणि मुहूर्त गेला निघून. अंतरपाट दूर झाला तेव्हा १२:४४ झाले होते. त्यात कहर म्हणजे साउंडवाला चहाला गेलेला, त्यामुळे सनई-चौघडा वाजलाच नाही, अक्षता पडल्या आणि हॉलमध्ये दोन सेकंद शांतता, त्या शांततेत कुणाच्या तरी मोबाईलवर लोन पाहिजे का म्हणून फोन आला. मुलाच्या आजी काही बोलल्या नाहीत, फक्त स्टेजवरचं घड्याळ बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं.

तेव्हापासून काय करते, तर आठ दिवस आधी फोन करून कोण कोण म्हणणार त्यांची नावं आणि कडवी लिहून घेते, बेरीज करते, जास्त होत असतील तर मागे जाऊन सुरुवात लवकर करायची की कडवी कमी करायची हे भटजींवर सोडते, म्हणजे वाईटपणा माझ्याकडे येत नाही. शेवटचं 'तदेव लग्नं' भटजींनीच म्हणायचं, ते त्यांच्या हातात राहिलं की मुहूर्त त्यांच्या हातात राहतो. आणि साउंडवाल्याच्या शेजारी एक माणूस उभा करते ज्याचं काम फक्त माझा हात वर गेला की त्याच्या पाठीवर थाप मारणं. एवढंच काम. त्याला दुसरं काहीही सांगायचं नाही.

अक्षता पण तेव्हाच वाटायच्या, मंगलाष्टका सुरू होताना. अर्धा तास आधी वाटल्या की पोरं एकमेकांवर उडवून संपवतात.

भटजींची यादी आली की ती घरच्यांना फॉरवर्ड करून मोकळी होऊ नकोस. त्या यादीचे दोन भाग कर, भटजी काय आणणार आणि घरचे काय आणणार, आणि प्रत्येक वस्तूपुढे माणसाचं नाव लिही. विड्याची पानं, हळकुंडं, सुपाऱ्या हे तुळशीबागेतून कुणीतरी आणतंच. राहतो तो आंब्याचा डहाळा, लाह्या आणि अंतरपाट, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने आणलाय. माझ्या पिशवीत म्हणून एक कोरा पांढरा पंचा कायम असतो, तीनदा अंतरपाट म्हणून वापरलाय, कुणाला कळलं नाही. बाकी पिशवीत सुईदोरा, सेफ्टी पिना भरपूर, काडेपेटी, सुटी नाणी, मुंडावळ्यांचा जादा जोड, मार्कर, एक्सटेन्शन बोर्ड, पॅरासिटामॉल. फुलांसाठी मार्केट यार्डात पहाटे जाणारा माणूस ठरलेला असू दे, आदल्या संध्याकाळचे हार घेतलेस तर दुपारच्या फोटोत कळतं.

मुहूर्तांचं म्हणशील तर तुळशीचं लग्न झालं की आपला सीझन सुरू, पण आता तसं राहिलं नाहीये. २०२४ च्या मे महिन्यात गुरु-शुक्राचा अस्त होता, पंचांगात नेहमीचे मुहूर्त नव्हते, तरी लोकांनी काढीव मुहूर्तांवर लग्नं केलीच, मुलं सुट्टी घेऊन आलेली असतात, काय करणार. आपण त्यात मत द्यायचं नाही. कुणी विचारलं तरी नाही.

माणसांचं आता. पहिल्या मीटिंगलाच सांगून टाक की त्या दिवशी मला निर्णयासाठी एकच माणूस लागेल आणि तो मुलीचा बाप नको. काका चालेल, आत्याचा मुलगा चालेल, ज्याच्याकडे पैशांची पाकिटं असतील आणि जो हो किंवा नाही म्हणू शकेल. पाकिटं आदल्या रात्रीच भरून नावं लिहून ठेवायला लाव, भटजींची दक्षिणा, वाजंत्री, पार्लर, वॉचमन, स्वयंपाकघरातल्या बायका. बापाला त्या दिवशी 'काका, जनरेटरच्या डिझेलचे द्यायचेत' हे वाक्य ऐकू जाता कामा नये.

आणि दागिन्यांची पिशवी कधीही, कुणीही, कितीही प्रेमाने दिली तरी हातात घ्यायची नाही. 'अगं धर जरा दोन मिनिटं' म्हणतात. नाही धरायची. मी त्यांच्याच घरातल्या कुणालातरी हाक मारते आणि तो येईपर्यंत तिथेच उभी राहते.

रुसवेफुगवे होणारच, पण त्यातले निम्मे आधी कळतात. कानपिळीला सख्खा भाऊ नसेल तर कुठला चुलत-मावस भाऊ हे आधीच ठरव, दोन भाऊ इरेला पेटलेले मी बघितलेत, ते पण नुसता नवऱ्याचा कान पिळायला! सीमांतपूजनाला कुणाकुणाचे पाय धुवायचे, नारळ-टॉवेल कुणाला, व्याह्यांच्या बाजूला कोण बसणार, हे सगळं दोन्हीकडच्या एकेका मोठ्या बाईला विचार, पुरुषांना यातलं काही माहीत नसतं आणि ते 'काही नाही हो, आमचं काही नाही' म्हणतात. आमचं काही नाही म्हणणाऱ्यांचंच सगळ्यात जास्त असतं.

जेवणाचं थोडक्यात. केटररला जेवढ्या पानांची गॅरंटी दिलीय तेवढ्याचे पैसे जाणारच, वर किती झाली ते ताटं मोजून ठरतं, म्हणून जेवणं सुरू व्हायच्या आधी ताटांचे गठ्ठे त्याच्या माणसासमोर मोज आणि संपल्यावर परत त्याच्यासमोरच मोज. यावर झालेली भांडणं मठ्ठा प्यायल्यानेसुद्धा मिटत नाहीत. विहीणपंगत फोटोंमुळे नेहमी लांबते, तेव्हा जिलबी तिच्यासाठी वेगळी काढून ठेवायला सांग.

कार्यालयाचा ताबा आदल्या संध्याकाळी मिळतो, पण कुणाकडून मिळणार, किल्ल्या कुणाकडे, त्याचा नंबर काय, हे लेखी घे. एका कार्यालयाने आम्हाला सहाची वेळ दिली होती आणि सहाला आत दुसऱ्यांचं रिसेप्शन चालू होतं, आम्ही साडेनऊपर्यंत रुखवताचे डबे टेम्पोत घेऊन बाहेर उभे. हळदीला डीजे असेल तर त्याला शेवटचं गाणं पावणेदहाला लाव म्हणून सांगून ठेव, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हा २००० सालापासूनचा नियम आहे, पोलीस आले की आधी कोऑर्डिनेटरलाच हाक मारतात.

लग्नाला खरं काय लागतं हे मला २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या निर्बंधांत कळलं. पंचवीस माणसं, दोन तास, त्याच्या वर गेलं तर पन्नास हजार दंड, असा आदेश होता. एका लग्नात मी दारात मोजायला उभी होते, फोटोग्राफर आणि भटजी धरून पंचवीस, आणि मुलीच्या आजोबांनी स्वतःहून गाडीत बसून राहायचं ठरवलं. डेकोरेशन शून्य. उरलं काय तर अंतरपाट, होम, सात पावलं. तेव्हापासून मी सप्तपदीत कुणाला घुसू देत नाही. फोटोग्राफर म्हणतो पाचवं पाऊल परत टाका, लाइट नव्हता, मी म्हणते नाही टाकणार, हळदीचे फोटो घे पाहिजे तेवढे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लिहिलंय की जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण होतं, आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या सर्टिफिकेटने हिंदू लग्न होत नाही. फोटोग्राफरला हे सांगून उपयोग नसतो, पण आपल्याला माहीत असलेलं बरं, आवाजात जोर येतो.

सर्टिफिकेटवरून आठवलं. विवाह नोंदणीच्या अर्जावर लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते. नवराबायको हनिमूनहून येतात, व्हिसासाठी घाई असते, आणि तेव्हा भटजी कुठेतरी दुसऱ्या गावी लग्न लावत असतात. अर्ज आधीच भरून फाइलमध्ये ठेव आणि दक्षिणेचं पाकीट द्यायच्या आधी सही घे. आधी. साक्षीदारही त्याच दिवशी तिथेच असतात, त्यांच्याही घे.

आणि हो, परदेशात कुणी असेल तर लाइव्हचा फोन एका माणसाला दे आणि त्याला सांग की कॅमेरा फुलांवर नको, अंतरपाटावर. इथे साडेबारा म्हणजे डिसेंबरात न्यू जर्सीत रात्रीचे दोन. माणूस झोप मोडून बसलेला असतो, त्याला फुलं नसतात बघायची.

पैशांबद्दल माझं मत कडक आहे, तुला पटेलच असं नाही. केटरर, डेकोरेटर यांच्याकडून कमिशन घेऊ नकोस. बरेच घेतात. एकदा घेतलंस की त्याची भाजी आंबली तर तुला ओरडता येत नाही. आपली फी आधी सांग, निम्मी आगाऊ घे आणि उरलेली हळदीच्या दिवशी सकाळी, लग्नानंतर नाही, लग्नानंतर घरात सगळे झोपलेले असतात.

येत्या रविवारी माझं एक लग्न आहे, कर्वे रोडला, मुहूर्त १२:०९. शनिवारी पाचला कार्यालयावर ये, साधी चप्पल घाल, साडी नको. तुला काम एकच देणार आहे. जेवणं सुरू झाली की दोन ताटं वाढून, झाकून मुलीच्या खोलीत ठेवायची, मसालेभात खाली, पुऱ्या वेगळ्या म्हणजे मऊ पडणार नाहीत, आणि अडीच वाजता तिच्या आईवडिलांना हाताला धरून तिथे नेऊन बसवायचं. ते येत नाहीत, आधीच सांगते. 'तुम्ही घ्या, आमचं होईल नंतर' म्हणतात. दार लावून बाहेर उभी राहा आणि वीस मिनिटं कुणालाही आत सोडू नकोस, मी आले तरी.