‘साहेब, तुम्ही उभे राहा’ म्हणणाऱ्यांपैकी बूथवर किती बसतील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काका मराठा लाइट इन्फंट्रीतून २८ वर्षांनी सुभेदार म्हणून पेन्शनीवर आले, गावकरी २०२९ च्या विधानसभेला अपक्ष उभे राहा म्हणून मागे लागलेत, तालुक्यात फौजींची घरं भरपूर आहेत, तर जमेल का?

मी स्वतः सैन्यात सिग्नल्सचा, म्हणजे दळणवळणाच्या शाखेतला, हवालदार म्हणून बाहेर पडलो. २०२४ ला आमच्याकडचे एक निवृत्त सुभेदार अपक्ष उभे होते. त्यांचा अर्ज भरण्यापासून खर्चाचा हिशेब जमा करेपर्यंतची कागदपत्रं माझ्याकडे होती. डिपॉझिट गेलं, हे आधीच सांगून टाकतो.

‘फौजींची एकगठ्ठा मतं’ हा हिशेब आधी डोक्यातून काढा. फौजी पेन्शनीवर आला की पुन्हा कुणाच्या तरी भावकीतला, कुठल्या तरी सोसायटीचा सभासद आणि कारखान्याला ऊस घालणारा होतो. पंजाबात २०१७ ला माजी लष्करप्रमुख जनरल जे. जे. सिंग पतियाळा शहरातून अकाली दलाकडून लढले. समोर होते कॅप्टन अमरिंदर सिंग. जनरलसाहेबांचं डिपॉझिट जप्त झालं आणि कॅप्टनसाहेब मुख्यमंत्री. उत्तराखंडात तर घराघरात फौजी. तिथे मेजर जनरल खंडुरी २०१२ ला मुख्यमंत्री असताना कोटद्वारला पडले. केदारनाथच्या पुनर्बांधणीत राबलेले कर्नल अजय कोठियाल २०२२ ला गंगोत्रीत तिसरे आले. फौजी निवडून येतच नाहीत असं नाही. कर्नल राज्यवर्धन राठोड २०२३ ला राजस्थानात झोटवाड्यातून आले, पण मागे भाजपची यंत्रणा होती आणि गळ्यात ऑलिंपिकचं पदक.

खरी गोष्ट बूथची. २०२४ ला राज्यात लाखावर मतदान केंद्रं होती. भागिले २८८ केलं की एका मतदारसंघाला साडेतीनशेच्या आसपास पडतात. प्रत्येक ठिकाणी सकाळी सातच्या आत, मॉक पोलच्या (यंत्राच्या चाचणी मतदानाच्या) वेळेपासून तुमचा एक माणूस आत बसायला हवा आणि बाहेर एक-दोन. आमच्या सुभेदारसाहेबांच्या घरी शंभर लोक रोज चहाला यायचे. मतदानाच्या आदल्या रात्री मोजले, तर एजंटचे फॉर्म भरले होते एकसष्ट. साहेब एवढंच म्हणाले, “पलटणीत रोल कॉलला एक कमी असता तर रात्रभर शोधला असता.” इथे हुकूम चालत नाही हो. फोन उचलत नाहीत लोक.

शिवाय अपक्षाला वेळ मिळत नाही. त्या वर्षी अर्जाचा शेवटचा दिवस धनत्रयोदशीचा, २९ ऑक्टोबर. माघार ४ नोव्हेंबरला, आणि चिन्ह त्यानंतर. प्रचार १८ ला संध्याकाळी बंद. म्हणजे दोन आठवड्यांत तीन लाखांवर मतदारांना चिन्ह पाठ करून द्यायचं. गावोगावच्या म्हाताऱ्या साहेबांच्या तोंडावरून हात फिरवायच्या, कडाकडा बोटं मोडायच्या आणि निघताना विचारायच्या, “बाबा, निशाणी कंची म्हणलास?” चिन्हाचा इंगा बघायचा तर त्याच वर्षीची सातारा लोकसभा आठवा. तुतारीसारखी वाटणारी पिपाणी घेतलेल्या उमेदवाराला ३७ हजार मतं पडली आणि शरद पवारांच्या पक्षाचे तुतारीवाले ३२ हजारांनी हरले.

आता कागद. फौजींची हमखास चूक इथे होते. नोकरीत असताना नाव सर्व्हिस व्होटरच्या, म्हणजे नोकरीवरच्या फौजींच्या वेगळ्या मतदार यादीत असतं. निवृत्तीनंतर फॉर्म ६ भरून साध्या यादीत आलंय का, ते काकांचं आजच बघा. अपक्षाला दहा सूचक, म्हणजे अर्जावर नाव सुचवून सही करणारे, लागतात आणि ते त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. आमच्या दहांतले दोघे राहायला तालुक्यात, पण नाव शेजारच्या मतदारसंघात. आदल्या रात्री यादीवर बोट ठेवून एकेक अनुक्रमांक वाचत होतो, म्हणून सापडलं. एका उमेदवाराला चार अर्जांपर्यंत भरता येतात, तेव्हा दोन तरी वेगवेगळ्या सूचकांचे भरा. प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा नको, काही नसेल तिथे ‘निरंक’ लिहा. निवडणूक खर्चाचं वेगळं बँक खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं.

पेन्शनची अडचण नाही, ते लाभाचं पद (ज्यामुळे उमेदवार अपात्र ठरतो असं सरकारी पद) होत नाही. पण काका निवृत्तीनंतर पुन्हा कुठे सरकारी नोकरीला लागले असतील तर अर्जाआधी राजीनामा मंजूर होऊन हातात हवा. (तेज बहादूर यादव यांचा २०१९ चा वाराणसीतला अर्ज बाद झाला, ते प्रकरण वेगळं. ते बीएसएफमधून बडतर्फ होते आणि तशांना निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.)

डिपॉझिट दहा हजार. ते वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. खर्चाची मर्यादा चाळीस लाख, पण मर्यादेपेक्षा खर्चाची वही जास्त छळते. चहा, वडापाव, खुर्ची, सगळ्याचे दर प्रशासन ठरवून देतं. फुकट आलेल्या मंडपाचाही दर लागतो. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब दिला नाही, तर तीन वर्षं अपात्र होऊ शकता. फौजी कॅन्टीनच्या दारूच्या कोट्याबद्दल कुणी डोळा मारून काही सुचवलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

बॅनरवर जवानांचे, रणगाड्यांचे फोटो नकोत. आयोगाने २०१३ मध्येच मनाई केली आणि २०१९ ला पुन्हा बजावलं. आमच्या पोरांनी हौसेने साहेबांचा वर्दीतला फोटो छापला होता. मी ते सगळे बॅनर प्रेसमध्येच अडवले. पैसे पाण्यात गेले, पण तक्रार तरी टळली.

माझं विचाराल तर काकांनी आधी जिल्हा परिषद लढवावी. गट लहान असतो, आणि तिथेच आपली माणसं कोण ते कळतं. ऐकायचं नसेल तर एक करा. दिवाळीत घरी गेलात की काकांपुढे दोनशे पानी वही ठेवा, मतदान केंद्रांची यादी शेजारी ठेवा, आणि प्रत्येक केंद्रापुढे एक नाव लिहायला सांगा. ज्याला रात्री अकराला फोन केला तर उचलेल, असंच नाव. किती झाली ते मला इथे कळवा, मग पुढचं बोलू.