दहा वर्षं हप्ते भरले की लोन माफ होतं का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. मुलगी लग्न होऊन अमेरिकेला गेली, ग्रीन कार्ड मिळाल्यावर तिथलं सरकारी लोन घेऊन तिने मास्टर्स केलं, आता चार वर्षं एका हॉस्पिटलमध्ये सोशल वर्कर आहे. दहा वर्षं भरलं की उरलेलं माफ होतं म्हणे, खरं का? आता धाकटाही जायचं म्हणतोय, इथल्या बँकेतून २५ लाख काढून, घर तारण ठेवून. हे म्हणतात, मुलीचं होतंय तर त्याचंही होईल. मला रात्र रात्र झोप नाही.

उत्तर: काकू, आधी धाकट्याचं सांगते कारण घर तुमचं अडकणारे. त्याचं माफ होणार नाही. ती माफी फक्त अमेरिकेच्या केंद्र सरकारने दिलेल्या लोनला आहे, आपल्या बँकेच्या लोनशी तिचा काहीच संबंध नाही, आणि काका सहकर्जदार म्हणून सही करतील तर मुलाचे हप्ते थकले की बँक त्यांच्याच दारात येणार. तिकडे शिकून मिळणाऱ्या नोकरीवर हप्ता निघतो का एवढंच बघून ठरवा. टॅक्समध्ये शिक्षणाच्या लोनच्या व्याजाची सूट आठ वर्षं मिळते, तीही जुन्या रिजीममध्येच, बास.

आता मुलीचं. तिचं होऊ शकतं, खरंच होऊ शकतं. ही स्कीम २००७ सालची, पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस, थोडक्यात पीएसएलएफ म्हणतात. लोन 'डायरेक्ट' प्रकारचं, म्हणजे थेट तिथल्या केंद्र सरकारने दिलेलं हवं, नोकरी सरकारी किंवा धर्मादाय संस्थेत हवी, आठवड्याला निदान ३० तास, आणि १२० हप्ते, सलग नसले तरी चालतात. पण खरी मेख हॉस्पिटलमध्ये आहे काकू, तिथे बरीच हॉस्पिटलं नफ्यावर चालणारी खाजगी कंपनीची असतात, ती धरत नाहीत, काम तेच असलं तरी. तिला सांगा पगाराचा डब्ल्यू-टू कागद काढ, त्यावर मालकाचा नऊ आकडी नंबर असतो, तो सरकारी साइटवर टाकला की लगेच कळतं. दुसरं म्हणजे हप्ता पगारावर ठरणाऱ्या प्लॅनमध्ये हवा. साध्या दहा वर्षांच्या प्लॅनचे हप्तेही मोजतात, पण त्यात दहा वर्षांनी माफ करायला काही उरतच नाही ना!

माझ्या मावसबहिणीच्या मुलाने नोकरीची पडताळणी शेवटी एकदम करू म्हणून सोडून दिली, मधे दोन नोकऱ्या बदलल्या, आणि मग जुन्या ऑफिसातून सही मिळवायला त्याची जी फरफट झाली ती मी बघितलीय. २०१७ ला पहिल्यांदा माफीचे अर्ज घेतले तेव्हा जवळजवळ सगळे परत गेले होते, कुणाचं लोनच वेगळ्या प्रकारचं निघालं, कुणाचे १२० हप्ते पूर्ण झाले नव्हते. म्हणून तिने नोकरीच्या पडताळणीचा फॉर्म दर वर्षी भरायचा, नोकरी बदलली की लगेच भरायचा, आणि मागच्या चार वर्षांचा आजच. त्यानंतर किती हप्ते धरले तो आकडा तिला दिसेल, तो मला कळवा, पुढचं त्यावरून सांगते. आणि काकांना सहीला थोडं थांबायला सांगा.